फैजपूरचा आजा आणि बांधावरचं भांडण

परवा केळीचे घड ट्रकमध्ये भरून झाले आणि बांधावर कळण्याची भाकरी-भरिताची शिदोरी सोडून बसलो. चुलतभाऊ कट्टर काँग्रेसवाला. म्हणे, "दादा, 1936 ला फैजपूरच्या अधिवेशनात तुमच्या पक्षाचं कोण होतं?"

कोणी नव्हतं रे भाऊ. आमच्या भाजपचा पूर्वज जनसंघच 1951 चा.

पण आपला आजा होता ना! खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष, चित्रकार नंदलाल बोसांनी बांबूतून सजवलेला परिसर. आजा तिथं पाण्याच्या घागरी वाहायचा, मरेपर्यंत तेच सांगायचा. जो पक्ष आमच्या धुळीत येऊन बसला, त्याला अध्यक्षासाठी 2000 नंतर मतदान घ्यायला थेट 2022 उजाडावं लागलं. 2019 ला राहुल गांधींनी राजीनामा दिला, तर खुर्ची परत आईकडे! 2020 ला 23 नेत्यांनी पूर्णवेळ नेतृत्व मागणारं पत्र लिहिलं, तर त्यांच्यावरच डोळे वटारले. (आमच्याकडेही अध्यक्ष बिनविरोधच ठरतो, माहीत आहे. पण आडनाव तरी बदलतं.)

"आता खरगे आहेत ना," भाऊ भरिताचं बोट चाटत म्हणाला.

"आहेत. पण तुझ्या मोबाइलवर फोटो कोणाचा?"

त्यानं फोन गुपचूप खिशात घातला.