शेकडा एक

बाबांच्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, नहेम्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात एक चिठ्ठी सापडली. 2012 सालची, सावकाराची. तीस हजार, शेकडा पाच. आमच्या यवतमाळकडं शेकडा पाच म्हणजे महिन्याचे. वर्षाला अठरा हजार नुसतं व्याज. वर चार एकराचं खरेदीखत. तोंडी गहाण, कागदावर विक्री.

बाबा गेल्यावर तो अध्याय मी पहिल्यांदा नीट वाचला. यरुशलेमातली माणसं आक्रोश करतायत. दुष्काळात दाण्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली, राजाच्या करासाठी कर्ज काढलं, पोरी दासी झाल्या. नहेम्या, तिथला सुभेदार, संतापतो. मी आणि माझे भाऊही पैसा न् धान्य उसनं देतो, हेही कबूल करतो. मग सरदारांना भरसभेत सांगतो, आजच्या आज शेतं परत करा, आणि पैशावर, धान्यावर, तेलावर घेता तो शंभरावा भागही.

शंभरावा भाग. शेकडा एक. बाबांनी चिठ्ठी तिथंच का ठेवली, हे कळल्यावर मला रडू आवरलं नाही.

आमच्या चर्चमध्ये पावसासाठी प्रार्थना होते, कापसाच्या भावासाठी होते. व्याजावर उपदेश मात्र मी कधी ऐकला नाही. विषय काढला तर उत्तर मिळालं, राजकारण नको. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असं बायबलातल्या पत्रात याकोबानं लिहिलंय. तो काय मोर्चात होता?

मामा मात्र मोर्चातलेच, आयुष्यभर लाल बावट्यात. मार्क्सच्या 'भांडवला'तला एक तक्ता त्यांना पाठ आहे. हिंदुस्थानातून इंग्लंडला गेलेला कापूस, 1860 मध्ये 20 कोटी 41 लाख पौंड वजनाचा, 1865 मध्ये 44 कोटी 59 लाख. मधल्या काळात अमेरिकेत यादवी पेटलेली, तिकडचा कापूस आटलेला. "आपल्या पणज्याची पऱ्हाटी या आकड्यात हाय," मामा म्हणतात.

त्यांना अध्याय वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकला त्यांनी. मग म्हणाले, "थे सरदार लाजले, म्हून वावरं वापस आले. आपला सावकार लाजते काय, बाप्पा?"

मी म्हटलं, मामा, नुसतं लाजवलं नाही. त्यांच्याविरुद्ध मोठी सभा उभी केली, याजक बोलावून शपथ घालायला लावली.

"मंग सभा घ्या नं!"

सभेआधी कागद. 2014 च्या सावकारी कायद्यात सावकारीत गेलेली जमीन परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधकाला काढता येतो. चिठ्ठी जोडून मी अर्ज दिला. अर्ज लिहायला मामाच बसले होते. आता गावातले आणखी दोघं कागद शोधतायत, त्यातला एक चर्चचा नाही.

येत्या रविवारी वाचनाची पाळी माझी आहे. तेराच्या तेरा वचनं वाचणार. नहेम्या आपला पदर झटकतो आणि सगळी सभा 'आमेन' म्हणते, तिथपर्यंत.