ओगराळ्यानं मोजलेलं पाणी

'नौदलातली कारकीर्द' या विषयावर शाळेच्या समारंभाच्या स्मरणिकेसाठी दोन पानं द्या, असा मुख्याध्यापकांचा निरोप आला. कारकिर्दीचा कागद माझ्याकडे तयारच आहे. नेमणुका, बढत्या, तारखा. तो दीड पानात संपतो आणि त्यात शाळेचं नाव कुठंच नाही. म्हणून पाण्याबद्दल लिहितो.

1972 ला मी पाचवीत होतो. फलटण तालुका म्हटलं की लोकांना ऊस दिसतो, पण तो नीरा उजव्या कालव्याच्या खाली. आम्ही वरचे. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे आणि मी शाळेत यायचो ते, आता कबूल करायला हरकत नाही, तिथं खायला मिळणाऱ्या सुकडीसाठी. व्हरांड्यात दोन रांजण असत. मधल्या सुट्टीत शिपाईमामा तिथं ओगराळं घेऊन उभे राहायचे. पोरागणिक एक ओगराळं, तेही ओंजळीत. ओंजळीला फट दिसली की मामा हात आखडता घेत, "बोटं आवळ आधी." दुसरं ओगराळं हेडमास्तरांच्या मुलालाही मिळालं नाही. तो माझ्याच बाकावर बसायचा, म्हणून माहीत आहे.

1980 मध्ये खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत गेलो, तेव्हा मला पोहता येत नव्हतं. नौदलात जायला निघालेला पोरगा आणि पोहता येत नाही! आमच्या विहिरीत पोहण्याइतकं पाणी कधी नसायचं, हे कुणाला सांगणार? पहाटे जादा तासाला तलावाच्या कडेला कुडकुडत उभं राहण्यात पहिलं सत्र गेलं.

तिथंच व्हाइस अॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटींचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं. ते पूर्वी प्रबोधिनीचे कमांडंट होते. 1971 च्या युद्धात बंगालच्या उपसागरात त्यांच्याकडे 'कामोर्ता' ही युद्धनौका होती आणि त्या कामगिरीसाठी त्यांना वीरचक्र मिळालं. डफरिन या प्रशिक्षण जहाजावर सुरुवात, मग इंग्लंडमध्ये डार्टमथला शिक्षण आणि शेवटी पश्चिम नौदल कमांडचं प्रमुखपद. मी शेवटच्या वर्षाला असताना, 1983 मध्ये, ते निवृत्त झाले आणि पुढं राहायला आले विंचुर्णीला. आमच्याच तालुक्यात! मी कोरड्या रानातून समुद्राकडे निघालेलो आणि हा माणूस सगळा समुद्र बघून आमच्या माळाकडे आलेला. घरी हे सांगितलं तर वडील म्हणाले, "त्यांना कुणी अडवलं नाही का?"

लोणावळ्याच्या 'शिवाजी' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात इंजिनिअरिंग झालं आणि पहिली नेमणूक वाफेवर चालणाऱ्या एका फ्रिगेटवर, म्हणजे युद्धनौकेवर, मिळाली. चहूकडे पाणी, पण बॉयलरला त्यातला थेंब चालत नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. ते बॉयलरमध्ये शिरलं की नळ्या खातं. म्हणून निर्वातात, कमी तापमानाला समुद्राचं पाणी उकळून गोडं पाणी काढायचं. आधी बॉयलर पिणार, मग स्वयंपाकघर, उरलं तर माणसं अंघोळ करणार.

या पाण्यात मीठ शिरलं नाही ना, हे दर तासाला तपासायचं. एका रात्री वॉचवर, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीत, मी तासाची चाचणी न करताच वहीत 'ठीक' लिहिलं. मागच्या तासाला ठीक होतं, आताही असेल. उकाड्यानं डोकं बधिर झालं होतं, पण ते कारण नव्हे, आळस केला. पहाटे चीफ आर्टिफिसरनं, म्हणजे यंत्रांवरच्या मुख्य तंत्रज्ञानं, नमुना घेतला, सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि परीक्षानळी माझ्या तोंडासमोर धरली. पाणी दुधासारखं झालं होतं, म्हणजे त्यात मीठ होतं. एक शब्द बोलला नाही. कित्येक टन पाणी समुद्रात सोडावं लागलं आणि दोन दिवस जहाजावर अंघोळ बंद. जेवणाच्या रांगेत लोक माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती नजर ओळखीची होती. रांजणापाशी कुणी ओंजळीतलं सांडलं की आम्ही पोरं तसंच बघायचो. त्यानंतर मी चाचणीशिवाय आकडा लिहिला नाही. पुढच्या बढत्यांचं सगळं श्रेय त्या नळीला द्यायला माझी तयारी आहे.

बाकीच्या तीस-बत्तीस वर्षांत जहाजं, गोद्या आणि मुख्यालयातल्या फायली. फायलींबद्दल न लिहिलेलं बरं.

आवटी मात्र निवृत्तीनंतरही थांबले नव्हते. भारतीय माणसानं एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांचाच. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी 56 फुटी 'म्हादेई' बांधली. तीच बोट घेऊन कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून निघाले आणि मे 2010 मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. पुढं अभिलाष टॉमींनी तिच्यातूनच कुठल्याही बंदराला न लागता फेरी पुरी केली. विंचुर्णीतून समुद्र दिसत नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

सुट्टीवर आलो की एसटीतून विंचुर्णीचा फाटा दिसायचा. दर वेळी वाटायचं, उतरावं, जाऊन सॅल्यूट करावा. पण घरी आई वाट बघत असायची, पुढच्या वेळी बघू. 2018 मध्ये मीही निवृत्त झालो. आता निवांत जाऊ म्हटलं, आणि नोव्हेंबरात त्यांच्या निधनाची बातमी आली.

मागच्या महिन्यात शाळेत गेलो होतो. व्हरांड्यात रांजणांच्या जागी आता स्टीलची टाकी आहे, चार नळांची. डावीकडचा दुसरा गळतो. वॉशर गेलाय. समारंभाला येताना पाना आणि वॉशर घेऊन येतोय. सत्काराच्या आधी दहा मिनिटं मला तेवढी मोकळी ठेवा.