सालवणीच्या गाठीतले सावकाश वाढणारे जिवाणू

बेळगाव जिल्ह्यात जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना जांभ्याच्या उतारावर सालवण भरपूर आहे. दशमुळांतली वनस्पती, त्यामुळे औषधासाठी लोक ती मुळासकट उपटतात. आम्हाला मुळांवरच्या, जिवाणू राहतात त्या गाठी हव्या असतात, आणि उपटलं की त्या तुटून मातीतच राहतात. म्हणून खोडापासून वीतभर अंतरावर गोल खणायचं, मातीचा गड्डा अख्खा उचलायचा आणि पाण्यात ठेवून माती सुटू द्यायची. गाठ कापताना दोन्ही बाजूंना मुळाचा तुकडा राखायचा.

वाट दाखवायला आलेले काका म्हणाले, "मुळी टाकून गाठी घेऊन काय करायलीस गं?"

मी एक गाठ ब्लेडनं चिरून दाखवली. मोहरीपेक्षा जराशी मोठी, आतून गुलाबी. हा रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या प्रथिनाचा. तो दिसला की हवेतला नत्र बांधायचं काम चालू आहे असं समजावं. काकांनी ती बराच वेळ तळहातावर धरली.

वरचे जंतू मरावेत म्हणून गाठी अल्कोहोल आणि सोडियम हायपोक्लोराइटमधून काढून, धुऊन, ठेचून काँगो रेड रंग घातलेल्या यीस्ट मॅनिटॉल अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या माध्यमावर, रेघाटल्या. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या, चिकट वसाहती आल्या. आमच्याकडची रीत अशी की त्या उचलायच्या आणि प्लेट टाकून द्यायची. इन्क्युबेटरमध्ये जागा नसते, अहवालाची तारीख डोक्यावर असते. या प्लेट मी हट्टानं २८ अंशांवर ठेवल्या. आठव्या दिवशी त्याच रेघांवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले. आम्ल असलं की पिवळं आणि अल्कली असलं की निळं होणाऱ्या ब्रोमोथायमॉल ब्लूच्या माध्यमावर आधीच्या वसाहतींनी पिवळा रंग दिला, या ठिपक्यांनी निळा.

दोन्ही प्रकारचे जिवाणू सालवणीच्या रोपांना दिले. वाळू धुतलेली, पोषणद्रव्य नत्राविना. लवकर वाढणाऱ्यांची रोपं पिवळी पडली, मुळं कोरी. ठिपकेवाल्यांची हिरवीगार, मुळांवर गाठी, आतून गुलाबी! लक्षणं ब्रॅडीरायझोबियम या सावकाश वाढणाऱ्या, नत्र बांधणाऱ्या जिवाणूची आहेत, जनुकक्रम यायचाय. लवकर वाढणारे गाठीतले नुसते भाडेकरू होते.

रानातल्या औषधी शेंगवर्गीयांची विविधता मोजतो म्हणायचं आणि घाईपायी नेमके खरे रहिवासी कचऱ्यात टाकायचे, हे मला मान्य नाही. वरिष्ठांना तसं सांगितलं. गुंज आणि शरपुंखा यांच्या नोंदी तिसऱ्या दिवसाच्याच आहेत. त्यांच्या वाळवलेल्या गाठी सिलिका जेलमध्ये शिल्लक आहेत. त्या पुन्हा भिजत घालायला परवानगी मागितली आहे.