तक्रारीतली रिकामी ओळ

आजचा सबंध दिवस एका मैत्रिणीची तक्रार लिहिण्यात गेला. शांतपणे पार पडलेल्या मोर्चातून परतत असताना तिच्या डोक्यावर पोलिसाची लाठी बसली, सात टाके पडले, आणि आज अर्जातल्या ‘संबंधित अधिकाऱ्याचे नाव’ या ओळीपाशी आम्ही दोघी कितीतरी वेळ थांबलो. कारण हेल्मेटमुळे त्याचा चेहरा झाकलेला होता आणि गणवेशावर नावाची पट्टी नव्हती. सभा-मोर्चांच्या बंदोबस्तावरील गणवेशधारी पोलिसांनी सहज दिसेल असे ओळखचिन्ह नेहमी लावावे, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०२० मध्येच स्पष्ट केले आहे. ती पट्टी नसली की चौकशी पहिल्याच पायरीवर अडते. आणि झालीच, तर बहुधा त्याच खात्यातले सहकारी ती करतात.

मला लाठी उगारणाऱ्यापेक्षा ती रोखू शकत असूनही गप्प राहिलेल्या वरिष्ठाचा राग अधिक येतो. बळाच्या वापराविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या मूलभूत तत्त्वांनुसार असा वरिष्ठही जबाबदार ठरतो. म्हणून त्या ओळीत आम्ही अखेर वेळ, जागा आणि ‘त्या वेळी बंदोबस्ताचे प्रमुख असलेले अधिकारी’ असे लिहिले. अर्ज देताना तिचा हात थरथरत होता, तरी पोच घेतल्याशिवाय ती तिथून हलली नाही.