मिशिगन लेकवर भेटली आपल्याच गोठ्यातली माशी

इथे अमेरिकेत माश्या मारायच्या औषधाचा डबा उलटा करून पाहिला, की बारीक अक्षरात एक वाक्य दिसतं: लेबलावर सांगितल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने हे औषध वापरणं म्हणजे फेडरल कायद्याचा भंग. माशी मारण्यासाठी केंद्र सरकारचा कायदा! आपल्याकडे गोठ्यात पावडर टाकताना माप म्हणजे मूठ, आणि लेबल वाचायचं ते एक्स्पायरीपुरतं. ते सुद्धा वाचलं तर.

पण मिशिगन लेक या अमेरिकेतल्या प्रचंड तळ्यावर शिडाच्या बोटीने फिरताना, चावऱ्या माश्यांसाठी औषध वापरायचं झालं, की तो कायदा खुळचट वाटत नाही. कपड्यांवर मारायचं पर्मेथ्रिन हे कीटकनाशक (०.५ टक्के) माशांसाठी, म्हणजे पाण्यातल्या माशांसाठी, अतिशय विषारी आहे. म्हणून ते बोटीवर मारायचंच नाही. आदल्या दिवशी घराच्या अंगणात पँट, मोजे, टोपी दोरीवर टांगायचे, दोन्ही बाजू ओलसर होईस्तोवर फवारायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. साधारण सहा धुण्यांपर्यंत असर राहतो. ते कातडीला लावायचं नाही, आणि घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून लांब ठेवायचे. केबिनमध्ये डब्याचा फवारा तर अजिबात नको. आत गॅसची शेगडी असते आणि बऱ्याच फवाऱ्यांतला वायू पेट घेणारा असतो. हे सगळं त्याच बारीक अक्षरात आहे. नियमांचं कौतुक करायचा माझा स्वभाव नाही, पण हा नियम पटला.

आता माशी. जून ते सप्टेंबर मिशिगन लेकवर बोट काढली की घोट्यांवर सुई टोचल्यासारखं होतं. शिकागोहून मॅकिनॉ बेटापर्यंतची ३३३ मैलांची शर्यत १८९८ साली पहिल्यांदा झाली आणि हल्ली ती जुलैत असते, म्हणजे ऐन माश्यांच्या दिवसांत. इथले लोक या माशीबद्दल असं बोलतात, जणू फक्त त्यांच्याच तळ्याचा हा राक्षस. शास्त्रीय नाव बघा: स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स. आपल्या गोठ्यात बैलांना पाय आपटायला लावणारी हीच. दिसायला घरमाशी, पण तोंडापुढे संगिनीसारखी सरळ सोंड. नर आणि मादी दोघंही रक्त पितात. जनावरांच्या पायांवर बसायची सवय आहे, म्हणून माणसाचेही घोटेच धरते. मोहोळ, माढ्याच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा चावऱ्या माश्यांचा बंदोबस्त करा, हे गावोगाव ऐकवलं गेलं होतं.

तिला तळ्यात अंडी घालता येत नाहीत. लागतो तो कुजणारा ओला पाला. तळ्याकाठी क्लॅडोफोरा नावाचं हिरवं शेवाळ वाहून येऊन ढिगाने सडतं, त्यात तिची पैदास होते. शेण मिसळलेली कुजकी वैरणही चालते. ऊसवाल्यांनी एक गोष्ट कान देऊन ऐकावी: ब्राझीलमध्ये उसाच्या पाचटावर डिस्टिलरीचं स्पेंटवॉश, म्हणजे सांडपाणी, सोडलेल्या शेतांत याच माशीचे उद्रेक झाले, आणि शेजारच्या गुरांचे हाल झाले. सोलापूर जिल्ह्यात पाचट आणि साखर कारखाने किती आहेत, ते मी सांगायला नको.

मग किनाऱ्यावरची माशी बोटीवर येते कशी? वाऱ्याने. जमिनीवरून पाण्याकडे वाहणारा वारा तिला लांबवर नेतो. शंभर किलोमीटरहून जास्त गेल्याच्याही नोंदी आहेत. त्यामुळे ऊन आहे, वारा जमिनीकडून आहे आणि मंद आहे, एवढं दिसलं की समजायचं आज पाहुणे येणार. वारा पाण्याकडून असेल तर बराच आराम.

खरं गणित मात्र बोटीवरच्या वाऱ्याचं आहे. वारा १० नॉट, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर. बोट ५ नॉटने वाऱ्याबरोबर चालली, तर अंगाला लागणारा वारा उरतो ५ नॉट, आणि एवढ्यात माशी निवांत बसते. तीच बोट वारा येतो त्या बाजूला, वाऱ्याशी ४५ अंशाचा कोन ठेवून चालवली, तर अंगाला १४ नॉट लागतात आणि माश्यांना उघड्यावर टिकणं अवघड होतं. मग त्या जातात कुठे? आडोशाला: कॉकपिटच्या, म्हणजे बोट चालवणारे बसतात त्या, खोलगट भागात, बसायच्या बाकाखाली, केबिनच्या दारापाशी. म्हणजे जिथे पाय असतात तिथेच. म्हणून दिशा बदलण्याआधी दाराला जाळी लावायची आणि जाळीच्या खालच्या शिवणीत बारीक साखळी घालायची. वजन नसेल तर जाळी वाऱ्याने उडते आणि आतली गर्दी बाहेरपेक्षा वाढते.

मलमांबद्दल फार अपेक्षा नको. डीट हे कातडीला लावायचं कीटक पळवणारं औषध डासांवर छान चालतं, या माशीवर कमी. शिवाय ते प्लास्टिक खातं: गॉगल, घड्याळाची काच, बोटीच्या पुढच्या पडद्यातली पारदर्शक खिडकी, सगळं धुरकट होतं. त्याऐवजी पिकारिडिन हे तसलंच दुसरं औषध, २० टक्के, घ्या, त्याने निदान वस्तू खराब होत नाहीत.

मारायचं असेल तर जाळीची फ्लॅपर, म्हणजे माशी मारायची थापी, घ्या. गुंडाळलेला पेपर हवा ढकलतो, माशीला आधीच कळतं. धोका दिसला की ती त्याच्या विरुद्ध दिशेला उडी मारते, म्हणून नेम ती बसलीय तिथे नको, थोडा पुढे. पहाटे गारठ्यात त्या सुस्त असतात, तेव्हाच छताखालच्या उरकून घ्याव्यात. लिटरभर पाण्यात चमचाभर भांड्यांचा साबण घालून स्प्रेने मारलं तरी पंख भिजून पडतात. पण साबण डेकवर सांडला तर माशी राहील बाजूला, माणूसच पाण्यात जाईल. साबणाचा हा फवारा फक्त केबिनच्या आतल्या भिंतींवर, आणि लगेच पुसायचं. पांढऱ्या डेकवर रक्ताचा डाग पडला तर गार पाणी. गरम पाण्याने तो पक्का होतो.

सगळ्यात खात्रीचा उपाय गमबूट. इथल्या दुकानात बोटीचे खास बूट महाग मिळतात, आणि ते बघून उन्हाळ्यात कोण घालणार हे, असं वाटतंच. तेव्हा दुसरा उपाय आपल्याकडचा, सोलापुरी टॉवेल. पातळ मोज्यातून या माशीची सोंड सहज जाते. आपल्या जाड टेरी टॉवेलच्या उभ्या लूपांतून जात नाही. लांबीत दुमडून घोट्यापासून पोटरीपर्यंत दोन वेढे, वरून रुंद रबर. पँट आत खोचायची. टोक लोंबकळत ठेवायचं नाही, शिडाच्या दोरीत अडकतं. टॉवेल भिजला की लूप चपटे होऊन कातडीला चिकटतात, म्हणून दर माणशी दोन कोरडे जास्तीचे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून.