चकलीचा भाव आणि अवकलज : नोंद तिसरी

वहिनींच्या चकलीचा भाव ठरवायला खप मांडत होतो, तर पहिल्याच आठवड्याचा आकडा वहीतून खोडावा लागला. पाव किलोच्या पाकिटाला ८० रुपये, खप ८४ पाकिटं. पण तो आठवडा रंगपंचमीचा होता. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघायला इंदुरात घरोघरी पाहुणे येतात, तेव्हा चकली कुठल्याही भावाला जाते. तो आकडा भावाचा नव्हता, सणाचा होता. मग नव्याने सुरुवात केली, एकेक भाव दोन-दोन आठवडे ठेवला आणि सरासरी काढली. ८० ला ६२ पाकिटं, ९० ला ५१, १०० ला ४२, ११० ला ३०.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: वहिनी रामबागेतल्या घरी भाजणीची चकली करतात, गिऱ्हाईक लोकमान्यनगरापर्यंत आहे. मला बारावीनंतर सुटलेलं कलन (कॅल्क्युलस) पुन्हा हाताने, कागदावर करायचं आहे. मागच्या दोन नोंदींत पत्र्याच्या डब्याचं गणित होतं. या वेळी प्रश्न घरातूनच आला: भाव किती ठेवू?

चार बिंदूंमधून लघुतम वर्गांच्या रीतीने, म्हणजे बिंदूंच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी राहील अशी, रेषा काढली. भावाची सरासरी ९५, खपाची ४६.२५, उतार उणे १.०५. म्हणजे भाव भ धरला तर खप = १४६ − १.०५भ. भाव रुपयाने वाढवला की आठवड्याला साधारण एक पाकीट कमी जातं. भाजणी, तेल, गॅस आणि पिशवी धरून पाकिटामागे खर्च ५२ रुपये. तेव्हा

नफा = (भ − ५२)(१४६ − १.०५भ)

अवकलज, म्हणजे भाव जरासा बदलला की नफा किती वेगाने बदलतो ते, घेतला: २००.६ − २.१भ. तो शून्य होतो भ = ९५.५२ ला. दुसरा अवकलज −२.१, म्हणजे ऋण. हे शिखरच आहे, दरी नाही. नफा आठवड्याला सुमारे १९८९ रुपये.

इथे फ्रेंच गणिती आणि अर्थशास्त्रज्ञ कूर्नोची आठवण येणारच. १८३८ च्या ग्रंथात त्याने एक माणूस कल्पिला आहे. त्याला औषधी पाण्याचा झरा सापडतो, तसं पाणी दुसऱ्या कुणाकडे नाही. लिटरला १०० फ्रँक सांगायला तो मोकळा आहे, पण गिऱ्हाईक येत नाही म्हटल्यावर त्याला भाव उतरवावा लागतो. कुठवर उतरवायचा, ते अवकलज शून्य मांडून ठरतं. झऱ्याला खर्च नाही, म्हणून कूर्नोचं पहिलं समीकरण आपल्यापेक्षा सुटसुटीत. खर्च तो पुढे आणतो.

आता ज्या गोष्टीने मला दोन रात्री जागवलं ती. वहिनींनी पिशव्या बंद करायचं मशीन १८०० रुपयांना घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, मग भाव चढवायला हवा ना?" मी १८०० नफ्यातून वजा करून पुन्हा अवकलज घेतला. स्थिर संख्येचा अवकलज शून्य. उत्तर तेच, ९५.५२. मशीन १८०० चं असो की १८,००० चं, शिखर खाली सरकतं, पण त्याच भावावर राहतं. मशीन परवडलं की नाही हा प्रश्न वेगळा, आणि तो महत्त्वाचाही आहे. पण तो भावाचा प्रश्न नाही. अवकलजाला दिसतं ते फक्त एका जास्तीच्या पाकिटाबरोबर बदलणारं.

आणि मग लक्षात आलं की अशी एक गोष्ट मी ५२ मध्ये धरलीच नव्हती: वहिनींचे हात. सोऱ्या दाबणं, तळणीपाशी उभं राहणं, भरणं, हे सगळं प्रत्येक पाकिटाबरोबर वाढतं. बाहेरची बाई लावली तर किती द्यावे लागतील, यावर आम्ही दोघं बसलो आणि पाकिटाला १५ रुपये धरले. खर्च झाला ६७ आणि शिखर गेलं १०३ वर. खर्च १५ ने चढला, भाव साडेसात. रेषेची मागणी असली की खर्चातली वाढ नेमकी अर्धी भावात उतरते, कारण भ = (१४६/१.०५ + खर्च)/२.

याचा परिणाम कागदावर पाहण्यासारखा आहे. मजुरी न धरता ९० ला नफा १९५७, १०० ला १९६८. शिखराजवळ वक्र सपाट असतो, तोटा अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून चार-पाच रुपये इकडेतिकडे झाल्याने फारसं बिघडत नाही. त्यामुळे "९० च ठेवू, लोक खूश राहतील" हे मलाही पटलं होतं. मजुरी धरल्यावर मात्र ९० ला ११८५ आणि १०० ला १३५३. दर आठवड्याला १६८ रुपयांचा फरक, आणि तो वहिनींच्या मनगटांतून जात होता. सोमवारपासून १०० केला. सुट्ट्या पैशांची कटकटही मिटली. पहिल्या आठवड्याचा खप ४३, रेषा ४१ म्हणत होती.

एक पडताळा ज्यांना आवडेल त्यांच्यासाठी: ९५.५२ ला मागणीची लवचिकता (भाव एक टक्का वाढला की खप किती टक्के घटतो ते) २.१९५ येते आणि (९५.५२ − ५२)/९५.५२ हे बरोबर तिचं व्यस्त, ०.४५६. अर्थशास्त्रज्ञ लर्नरने १९३४ मध्ये मांडलेलं गुणोत्तर ते हेच.

अडलंय ते रेषेवर. लवचिकता सगळीकडे सारखी धरून, लॉग घेऊन तेच चार बिंदू बसवले तर लवचिकता २.२२ येते आणि भाव १०३ ऐवजी १२२ निघतो. चारही बिंदूंशी रेषाच जास्त जुळते, पण ते ८० ते ११० मध्येच आहेत. १२० ला दोन्ही वाटा फुटतात: रेषा म्हणते २० पाकिटं, वक्र म्हणतो २६. वहिनींनी श्रावणातला एक आठवडा १२० साठी कबूल केला आहे. राखीचा सोडून.