हिबिंगजवळचं फिनिश लोकांचं पार्क

रविवार, रात्री

दुपारी जरा पडावं म्हटलं तर मेसाबा को-ऑप पार्कच्या नादाला लागले, झोप गेली ती गेलीच. अमेरिकेत मिनेसोटात हिबिंगजवळ तळ्याकाठची जागा, 1920 च्या दशकाच्या शेवटी फिनलंडहून आलेल्या लोकांनी सहकारी तत्त्वावर उभी केलेली. बघायला गेलं तर पिकनिक स्पॉटच, पोहायला पाणी, सौना म्हणजे फिनिश लोकांची गरम वाफेची खोली, नाचायला हॉल, बस.

पण ही सगळी लोखंडाच्या खाणीतली माणसं. 1907 मध्ये ऑलिव्हर या खाण कंपनीविरुद्ध संप झाला, तो मोडला, आणि त्यात फिनिश लोक सगळ्यात पुढे म्हणून त्यांची नावं काळ्या यादीत. मग काम कोण देणार, बरेचजण जंगलतोड झालेल्या जमिनीवर बुंधे उपटत शेती करायला गेले, स्वतःची को-ऑप दुकानं काढली, त्या दुकानांना माल पुरवायला 1917 ला शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या सुपीरियर शहरात घाऊक संस्थाही काढली. आणि तिकडे खाली खनिज सापडलं म्हणून 1919 पासून अख्खं हिबिंग गावच हलवलं, घरं ओंडक्यांवरून सरकवत नेली! अशा ठिकाणी राहणाऱ्याला निदान सुट्टीची जागा तरी आपल्या मालकीची असावी असं वाटणारच ना, मला तर पार्कमागचं खरं कारण हेच वाटतं.

जूनमध्ये युहान्नुस, म्हणजे त्यांचा मध्य-उन्हाळ्याचा सण, शेकोटी, नाच, आणि भाषणं तर हवीतच, कारण मंडळी पक्की डावी. अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाचा पुढे कितीतरी वर्षं प्रमुख असलेला गस हॉल जवळच्याच चेरी गावचा, जन्मनाव आर्वो हालबर्ग. 1950 च्या आसपास सिनेटर मॅकार्थीच्या काळात, म्हणजे अमेरिकेत कम्युनिस्टांची शोधाशोध चालली होती तेव्हा, एफबीआयचं इथे लक्ष असायचं. सहलीला आलेल्या लोकांवर पाळत, कमाल आहे.

तरी सगळं गोड गोड नाही हं. याच डाव्या वर्तुळातून 1930 च्या सुरुवातीला अमेरिका-कॅनडातले सहा हजारांच्या आसपास फिनिश लोक समाजवाद उभारायला सोव्हिएत कारेलियात, म्हणजे फिनलंडला लागून असलेल्या सोव्हिएत भागात, गेले आणि 1937-38 मध्ये त्यातल्या कितीतरी जणांना स्टालिनच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या. हे वाचल्यावर त्या नाचाच्या हॉलकडे नुसतं कौतुकाने बघवेना.

पार्क अजून चालू आहे, सभासदच चालवतात, युहान्नुसही होतो. एकदा जूनमध्ये जायचंय. तिथले डास भयंकर असतात म्हणे, आणि सौनाचं माझं अजून काही ठरत नाहीये.